अंदमानात १९ रात्री राहिलो, खोली नका बघू, पाणी बघा

जानेवारीत अंदमानला जाऊन आलो. मी, आई आणि माझा लहान भाऊ, तिघं. चोपड्याहून भुसावळ, तिथून हावडा मेल, मग कलकत्त्याहून विमान. १९ रात्री राहिलो आणि तिघांचा मिळून फक्त राहण्याचा खर्च झाला २४,७०० रुपये, त्यातले ३,६०० चक्क वाया गेले, ते कसे ते सांगतेच. आल्यापासून निम्म्या तालुक्याचे फोन येताहेत की एवढे दिवस तिथे राहिले कुठे, कारण आपल्याकडून जाणारे सगळे पाच रात्री सहा दिवसांच्या पॅकेजनं जातात, हॉटेल ठरलेलं, गाडी ठरलेली, जेवण ठरलेलं. आम्हाला तसं नको होतं. आईनं चाळीस वर्षं केळीच्या बागेत काढली, समुद्र एकदाच बघितलेला तोपण मुंबईला लग्नाला गेलो तेव्हा संध्याकाळी तासभर, म्हणून ठरवलं की जायचं तर निवांत जायचं आणि लोकांच्या घरात राहायचं.

आता मेन गोष्ट आधीच सांगून टाकते. कुठल्याही घरी गेलो की आम्ही दोघं बहीणभाऊ खिडकी बघायचो, समुद्र दिसतो का, पंखा चालतो का. आई मात्र दारातच विचारायची, "पानी गोड शे का?" घरमालकाला अहिराणी कुठून कळणार, मग मी हिंदीत सांगायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं की आपल्याकडची सवय आहे, आपण उन्हाळ्यात टँकरमागे पळणारी माणसं. पण चार दिवसांत कळलं की त्या बेटांवर हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो. तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या चौपट तरी, पण जमीन अरुंद, डोंगर उताराचे, पाणी धावत जाऊन समुद्राला मिळतं, साठवायला जागाच कमी. पावसाळा संपून दोन महिने झाले की विहिरी खाली जायला लागतात आणि किनाऱ्याजवळच्या विहिरीत खारटपणा येतो. म्हणजे समुद्राच्या जितकं जवळ राहाल तितकं पाणी खराब असायची शक्यता जास्त. आणि आपण नेमके बीचफेसिंगचे पैसे मोजतो.

पोर्ट ब्लेअरला (आता नाव श्री विजय पुरम झालंय, २०२४ पासून, पण रिक्षावाल्यापासून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात) जंगलीघाट भागात एका तेलुगू कुटुंबाच्या घराचा वरचा मजला मिळाला, १,४०० रुपये रात्र, तीन कॉट. येताजाता मिळून पाच रात्री तिथेच काढल्या. खोली साधी, गादी जरा कडक, पण स्वच्छ. नळाला रोज पाणी येत नाही हे मालकिणीनं आम्ही पैसे द्यायच्या आधीच सांगितलं आणि दोन ड्रम भरून ठेवलेले दाखवले. मला हे भलतं आवडलं. जो माणूस आधी अडचण सांगतो त्याच्याकडे राहावं. सेल्युलर जेल तिथून रिक्षानं जवळ. ते १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालं, सात विंग होत्या, आता तीनच उरल्यात. सावरकरांची कोठडी बघायला मराठी माणसांची रांगच असते. आई तिथे दहा मिनिटं गप्प बसून होती, बाहेर आल्यावर पण बोलली नाही.

मग हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. इथे आम्ही फसलो. ऑनलाईन बांबूची झोपडी बुक केलेली, १,८०० रुपये रात्र, तीन रात्रींचे ५,४०० आधीच भरलेले. फोटोत झोपडीसमोर निळंशार पाणी. प्रत्यक्षात समुद्र अर्धा किलोमीटर लांब आणि झोपडीसमोर दुसऱ्या झोपडीची मागची भिंत. तेही चाललं असतं हो. पण आईनं तोंड धुवायला नळ सोडला, चूळ भरली आणि तशीच थुंकली. "हाई पानी खारं शे." साबण अंगाला लावला तर फेस नाही, नुसता चिकटपणा, केस धुतले तर झाडूसारखे. तापीकाठच्या काही गावांत असं पाणी मी बघितलंय पण तिथे लोकं पाहुण्याकडून १,८०० रुपये घेत नाहीत. प्यायला बाटल्या विकत घ्या म्हणाले. रात्री लाईट गेली तर जनरेटर फक्त ऑफिसला. आणि सकाळी ८ ला चेकआऊट! हे मात्र त्या एकाच जागेचं नाही, बोटी सकाळच्या असतात म्हणून अंदमानात बऱ्याच ठिकाणी चेकआऊट ८ किंवा ९ ला असतं, बुक करतानाच विचारून घ्या, म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन जाणार असाल तर नक्कीच. आम्ही एक रात्र काढून निघालो, उरलेल्या दोन रात्रींचे पैसे मागितले, दिले नाहीत. नाव लिहीत नाही. पण सांगते, समीक्षांमध्ये लोकं समुद्राचं कौतुक लिहितात, पाण्याबद्दल एक अक्षर नाही, आणि मी स्वतः त्याच समीक्षा वाचून पैसे भरले होते.

तिथून तीन नंबरच्या बाजारामागे एका घरात गेलो. (हॅवलॉकची गावं आणि बीच नंबरानं ओळखतात, एक नंबर म्हणजे जेट्टी, तीन नंबर बाजार, पाच नंबर रिसॉर्टवाली पट्टी, सात नंबर म्हणजे राधानगर.) १,००० रुपये रात्र, समुद्र कुठूनच दिसत नाही, पण विहिरीचं पाणी गोड, मागे कपडे वाळवायला लांब दोरी आणि बाजार दोन मिनिटांवर. पाच दिवसांच्या ट्रिपमध्ये कपडे वाळवायचा प्रश्न येत नाही, १९ दिवसांत रोज येतो, आणि तिथल्या दमट हवेत खोलीत टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी वास मारतो. राधानगरला सरकारी बस जाते, बारा किलोमीटरच्या आसपास. बसनंच जा, तिकीट नाममात्र आणि गावातल्या बायका भेटतात. बीचबद्दल मी काय लिहू, पांढरी वाळू इतकी मऊ की आई चपला हातात घेऊन चालत होती. फक्त एक लक्षात ठेवा, घड्याळ आपलंच असलं तरी ती बेटं पूर्वेला आहेत, जानेवारीत साडेपाचला अंधार पडायला लागतो. संध्याकाळी पाचला निवांत निघू म्हणाल तर सूर्यास्त हुकला.

आता नील. शहीद द्वीप. सगळ्यात जास्त मला ह्याच्याबद्दल लिहायचंय. पॅकेजवाले इथे एक रात्र देतात किंवा सकाळी आणून दुपारी घेऊन जातात. आम्ही चार रात्रींचं ठरवून गेलो आणि सहा राहिलो. बेट एवढंसं की सायकलनं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येतं, गावांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं इथे जमिनी देऊन वसवलं, त्यांचीच मुलं-नातवंडं आता घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. आमचं घर एका मासीचं (बंगालीत मावशी) होतं, ९०० रुपये रात्र, जेवण वेगळं. पत्र्याचं छप्पर, लाकडी भिंती, मच्छरदाणी, एक पंखा, बाथरूम अंगणात. दुपारी १२ ते ३ पत्रा तापतो, खोलीत थांबवत नाही. संध्याकाळी लाईट जाते, कधी अर्धा तास कधी दीड तास. गरम पाणी गिझरचं नाही, चुलीवर तापवून बादली देतात. ज्याला हे चालणार नाही त्यानं जाऊ नये, हे मी स्पष्ट लिहिते. पण परसात कड्यांची विहीर, पाणी असं की आईनं एक पेला प्यायला, मग दुसरा मागितला, आणि पिशवी खाली ठेवली. म्हणजे ठरलं.

त्या परसात सुपारी, नारळ, एक तळं आणि तळ्याच्या काठानं केळी. माझा भाऊ तिथेच उभा राहिला. आपल्याकडे टिश्यूकल्चरची एकसारखी बाग, ड्रिप, खताचे डोस, सगळं मोजून मापून, आणि इथे कोणी लावली कोणी वाढवली पत्ता नाही, एक झाड निसवतंय (घड बाहेर पडतोय), एक पिकून पडलंय, पाच जातींची मिसळ. केळं छोटं, साल पातळ आणि आत मधासारखं गोड, मधूनच एखादी काळी बी दाताखाली येते. मासी भावाला विचारायची की तुमच्याकडे एका घडाला किती किलो भरतात, तो सांगायचा आणि तिला खरं वाटायचं नाही, मग त्यानं फोनवर बागेचे फोटो दाखवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मासीनं एक केळफूल काढलं आणि ओट्यावर बसली. आधी हाताला तेल चोळलं, चिकानं हात काळे होऊ नयेत म्हणून. एकेक लाल पापुद्रा उलगडायचा, आतली बारीक फुलं काढायची, प्रत्येक फुलातला तो कडक दांडा आणि त्याच्या बुडाशी असलेली पारदर्शक पाकळी चिमटीनं उपटून टाकायची, ती शिजत नाही. एका केळफुलात अशी कितीतरी फुलं, दीड तास गेला. आई शेजारी बसली, तिनंही तेल लावलं. आपल्याकडे घड निसवला की केळफूल तोडून बांधावर फेकतो, ढीग लागतात. आई मला म्हणाली, "आपन तं फेकी देतस, नि ह्या खातस!" मग ते बटाटा, खोबरं आणि गरम मसाला घालून परतलं, आणि आई, जी चार दिवस भात-डाळीला कंटाळली होती, तिनं दोनदा घेतलं. तिसऱ्या दिवशी आईनं आपला काळा मसाला काढला, बाजारातली वांगी आणली, नारळाच्या करवंट्यांवर भाजली आणि भरीत केलं. तेल मोहरीचं होतं, चव वेगळी लागली, पण मासीच्या घरच्यांनी ताट पुसून खाल्लं. वांगी आपल्यासारखी हिरवी लांब नव्हती एवढंच. जेवणाचे माणशी १५० घ्यायची, त्या दिवशीचे घेतलेच नाहीत.

घरात राहायचा अजून एक फायदा हा की भरती-ओहोटी त्यांना तोंडपाठ असते. नीलला तो दगडी नैसर्गिक पूल आहे, तिथे ओहोटीतच जाता येतं, आणि ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. मासीच्या मुलानं आम्हाला सकाळी बरोबर वेळेवर पाठवलं, खडकांच्या डबक्यांत निळे मासे, समुद्री काकडी, खेकडे, आई एकेका डबक्याजवळ बसून बघत होती. दोन दिवसांनी आम्ही तिकडून जात होतो तर पॅकेजची गाडी भरतीच्या वेळी आलेली, कमरेएवढं पाणी, लोकं लांबूनच फोटो काढून परत.

निघायच्या दिवशी समुद्र खवळला आणि बोट रद्द. परत घरी आलो. मासीनं त्या रात्रीचं भाडं घेतलं नाही, मी दोनदा दिलं तरी नाही. म्हणून लांबच्या ट्रिपला बोटीच्या आणि विमानाच्या मध्ये दोन दिवस मोकळे ठेवाच, आणि शेवटचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा.

डिगलीपूरचं थोडक्यात. पोर्ट ब्लेअरहून पहाटेची बस, सगळा दिवस जातो. वाटेत जारवा आदिवासींचं राखीव जंगल, तिथून गाड्या ताफ्यानं सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही, आणि ते बरोबरच आहे, त्यांचं घर आहे ते. कालीपूर किनाऱ्याजवळ १,२०० रुपयांत खोली मिळाली, पाणी चांगलं, पंखा चांगला, जेवण बेताचं. रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्यानं जोडलेली आहेत, एरियल बेहून होडी जाते. भाऊ सॅडल पीक चढून आला, ७३२ मीटर, अंदमानातलं सगळ्यात उंच. फोनला रेंज येऊन जाऊन. कॅश पोर्ट ब्लेअरहूनच नेलेली बरी. आईला बसचा प्रवास फार झाला, साठीपुढच्या माणसाला मी तिकडे नेणार नाही, तेच चार दिवस नीलला वाढवेन.

कोणाला जायचं असेल तर फोन करून आधी तीन गोष्टी विचारा: पाणी विहिरीचं की टँकरचं आणि गोड का, लाईट गेली तर पंखा चालतो का, आणि चेकआऊट किती वाजता. समुद्र दिसतो का ते शेवटी विचारा, नील-हॅवलॉकला तो चालत किंवा सायकलनं कुठूनही जवळच आहे. सोबत ओडोमॉस, खोबरेल तेल (वाळूतल्या बारीक माश्या चावतात त्यावर लावायला), बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि आपला मसाला घ्या.

मागच्या आठवड्यात आपल्या बागेतली केळी निसवली. आईनं बांधावर पडलेल्या ढिगातून पाच केळफुलं उचलून आणली, हाताला तेल लावून ओट्यावर बसली. भाजी जरा कडसर झाली. मग मासीला व्हिडिओ कॉल लावला, आई अहिराणी मिसळलेल्या हिंदीत, ती बंगाली मिसळलेल्या, दोघींचं बरोबर जमलं. चिरून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेव म्हणाली. आज पातेलं भरून भिजत घातलंय.