कोरड्या बर्फाने इंजिनची सफाई : जुन्या जॅग्वारच्या बॉनेटखालचा अनुभव

जुन्या गाडीच्या इंजिनवर पाण्याचा जोरदार फवारा मारायला माझा पहिल्यापासून विरोध आहे. प्लगना ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल शिरली म्हणजे गाडी सुरू व्हायला कुरकुरते, एवढ्यावर ते भागत नाही. वायरिंगच्या जोडांत, डायनॅमोत आणि प्लगच्या खळग्यांत अडकलेले पाणी पुढे कित्येक दिवस गंज धरवत राहते. त्यामुळे 3.4 लिटरच्या जॅग्वार मार्क 2 या गाडीच्या इंजिनावरचा तेलकट, काळा थर काढण्यासाठी मी कोरड्या बर्फाने, म्हणजेच ड्राय आइसने, सफाई करून देणाऱ्या एका कार्यशाळेची सेवा घेतली.

या पद्धतीत गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे तांदळाच्या दाण्याएवढे कण कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर नॉझलमधून सोडतात. उणे 78.5 अंश सेल्सिअस तापमानाचा कण आदळताच ग्रीसचा थर आक्रसून ठिसूळ होतो, आणि कणाचा द्रव न होता थेट वायू होत असल्याने तो फुगताना सुटलेला थर उचलून फेकतो. मागे पाणीही उरत नाही आणि वाळूही. वाळूचा मारा केल्यास तिचे कण इंजिनात शिरण्याची धास्ती असते, ती येथे नाही. मात्र उडालेली घाण आसपासच कुठेतरी बसते, तेव्हा कार्ब्युरेटरची तोंडे आणि ब्रीदर, म्हणजे इंजिनातल्या वाफा बाहेर सोडणारी वाट, बंद करणे आवश्यकच असते, आणि येथे ते काम काळजीपूर्वक झाले. बॅटरीही आधी सोडवली होती. हा वायू हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो, म्हणून दारे सताड उघडी ठेवली होती, हेही नमूद करण्याजोगे आहे. आवाज मात्र कान फाटतील असा असतो.

निकालाबद्दल बोलायचे तर मी सर्वाधिक खूश झालो तो छोट्या भागांवर. ब्रॅकेटच्या बोल्टांवरचा पिवळसर मुलामा, जो तारेच्या ब्रशने घासला असता तर हमखास उडाला असता, जसाच्या तसा उघडा पडला; एका बोल्टच्या डोक्यावर रंगाची जुनी खूणही दिसली. स्टिअरिंग बॉक्सवरचे ओतीव अंक आता भिंग न लावता वाचता येतात. दुसरीकडे, रंगाचे जे पोपडे आधीच सुटत आले होते ते सगळे निघून गेले आणि इनर विंगवर, म्हणजे इंजिनाशेजारच्या आतल्या पत्र्यावर, उघड्या पत्र्याचे ठिपके पडले. याचा दोष मी कार्यशाळेला देत नाही, कारण पकड सुटलेला रंग कधीतरी जाणारच होता. परंतु काम सुरू करण्यापूर्वी तसे बजावून सांगायला हवे होते. गंजही या पद्धतीने जात नाही. वरची सैल पूड उडते, एवढेच.

पॉलिशच्या बाबतीत मात्र माझे त्यांच्याशी पटले नाही. या इंजिनाची दोन्ही कॅम कव्हर, म्हणजे माथ्यावरची झाकणे, अॅल्युमिनियमची असून मुळातच चकाकणारी असतात, पण आरशासारखी लखलखीत करण्याच्या हौसेने बफिंगचे चाक फिरवले की कडा गोल होतात आणि तो भाग नव्या सुट्या भागासारखा परका दिसू लागतो. त्यांनी ते सुचवले, मी नकार दिला. घरी मऊ फडक्याने धातूचे पॉलिश लहान लहान पट्ट्यांत घासले, फडके काळे येणे थांबेपर्यंत पुसत राहिलो आणि शेवटी मेणाचा पातळ हात दिला. रबरी नळ्यांवर सिलिकॉनचा तकाकीदार फवारा मारण्याचा आग्रहही मी मानला नाही, कारण त्याचे तुषार फॅन बेल्टवर बसले तर पट्टा घसरतो.

सफाईनंतर गाडी चालवून आणली तेव्हा एका कॅम कव्हरच्या मागच्या टोकाशी तेलाची ताजी, बारीक रेघ दिसली. जुन्या काळ्या थराखाली ही गळती कुठून होते हे कोणत्याही मेकॅनिकला नेमके सांगता आले नसते. आता सील बदलण्याचे काम तेवढ्या एका जागेपुरते आहे. ज्यांच्या गाडीचा कारखान्यातला रंग आणि मुलामा बऱ्यापैकी शाबूत आहे त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी, मात्र पॉलिशचे काम तीतून वगळायला सांगावे. ज्यांच्या बॉनेटखाली रंगावर रंग चढवलेले आहेत, त्यांनी आधी एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यावर चाचणी करून घ्यावी.