थंड स्टार्टर: भाज्यांचे करावेत की माशाचे?

पार्टीत आयत्या वेळी काही तळत बसायचं नाही असं ठरलं की गाडी दोन गोष्टींवर येते, काकडी-टोमॅटोत क्रीम चीज भरायचं की ट्यूना किंवा स्मोक्ड सॅल्मनचं काहीतरी करायचं. मी दोन्ही बऱ्याचदा केलंय.

भाज्यांचे स्टार्टर दिसतात छान आणि सगळ्यांना चालतात, त्यात वादच नाही. माझं घोडं अडलं ते पाण्यावर. काकडीत 95 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, वर खारट क्रीम चीज पडलं की ते सुटायला लागतं. एकदा मी दुपारीच 40 चकत्या भरून फ्रीजमध्ये ठेवल्या, संध्याकाळी झाकण काढलं तर ताटात पाणी साचलेलं, चीज घसरून एका बाजूला आणि चकत्या लिबलिबीत, फार वाईट वाटलं. आता चकत्यांना मीठ लावून 15-20 मिनिटं ठेवायचं, मग टिशूने टिपायचं, टोमॅटोचा गर काढून ते उपडे ठेवायचे, हे सगळं करून बघितलंय आणि फरक पडतोही, पण भरायचं काम तरी शेवटच्या अर्ध्या तासातच करावं लागतं आणि नेमकी तेव्हाच बेल वाजायला लागते.

ट्यूनाचं बरोबर उलटं आहे. डब्यातला ट्यूना चाळणीत दाबून दाबून निथळायचा (यात घाई नको, नाहीतर मिश्रण सैल होतं), मग मेयो, लिंबू, मिरपूड आणि अगदी बारीक चिरलेला कांदा. आदल्या रात्री करून ठेवलं तर छान मुरतं. थंड खायचंय म्हणून मीठ-लिंबू जरा चढंच ठेवा, गार झाल्यावर चव दबते. ब्रेडचे छोटे तुकडे कडक भाजून गार झाले की त्यावर बटर पातळ फिरवायचं, म्हणजे ओल आत लवकर जात नाही, आणि वाढताना नुसता चमचाभर ट्यूना ठेवायचा. सॅल्मनला तर तेवढंही नाही, पट्टी दुमडून ठेवली की झालं. फक्त कोणी गरोदर असेल तर कोल्ड स्मोक्ड (म्हणजे न शिजवता नुसता थंड धुरावर ठेवलेला) सॅल्मन तिला देऊ नका, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो.

मासा बाहेर 2 तासांवर ठेवायचा नाही, 32 डिग्रीच्या वर उकाडा असेल तर 1 तासच, हा त्रास आहे खरा. पण क्रीम चीजलाही तोच नियम, त्यामुळे भाज्या घेतल्या म्हणून त्यातून सुटका होत नाही. मी निम्मंच ताट बाहेर आणतो, बाकीचं फ्रीजमध्ये.

तुमच्याकडे मासे न खाणारे जास्त असतील तर अर्थात भाज्याच करा, नाहीतर मला तरी ट्यूना बरा वाटतो, सोबत थोडे भरलेले चेरी टोमॅटो. काकडीपेक्षा ते बरेच टिकतात. फक्त मासे न खाणाऱ्यांसाठी टोमॅटोचं ताट आणि चमचा वेगळा ठेवा.