थिसल फार्म्स, नॅशव्हिल: मेणबत्त्या छान आहेतच, पण त्या कोण बनवतं तेही वाचा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं हा दरवर्षीचा प्रश्न, आणि दरवर्षी त्याचं उत्तर म्हणजे प्लॅस्टिकचे डबे नाहीतर कुठल्यातरी वाट्या, ज्या पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्यातरी वाणात परत फिरून येतात. यंदा मी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या थिसल फार्म्सचे लिप बाम दिले आणि अगदी जवळच्या मैत्रिणींना मेणबत्त्या, आणि तेव्हापासून आपल्या मंडळाच्या ग्रुपवर तोच विषय चाललाय की हे कुठून घेतलं, महाग आहे का, आणि त्या चर्चवाल्यांचं आहे ना गं ते? तर सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आधी वस्तूंबद्दल. मेणबत्ती सोया मेणाची आहे, जळताना काळा धूर येत नाही, आणि वास खोलीभर पसरतो पण डोक्यात जात नाही. माझा आवडता निलगिरी-पुदिन्याचा, सर्दीच्या दिवसात तर फारच बरा वाटतो. लॅव्हेंडर मला थोडा जास्त गोड वाटतो पण माझ्या सासूबाईंना तोच आवडला, तेव्हा ज्याची त्याची आवड. एक टीप, पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं सगळं मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत विझवू नका, नाहीतर मधेच खड्डा पडतो आणि बाजूचं मेण तसंच वाया जातं, हे कुठल्याही सोया मेणबत्तीला लागू आहे. बॉडी बटर घट्ट आहे, थोडंसं घेतलं तरी पुरतं, इथे टेनेसी राज्यातल्या जानेवारीत हीटर चालू असताना हातापायांची साल निघते तेव्हा याचा खरा उपयोग. लिप बामबद्दल फार सांगण्यासारखं नाही, चांगला आहे, पर्समध्ये टाकून ठेवा.

किंमत टार्गेटसारख्या मोठ्या दुकानातल्या मेणबत्तीपेक्षा जास्त आहे, हो. पण त्या जास्तीच्या पैशाचं काय होतं ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धवट राहील, आणि खरं सांगायचं तर मला लिहायचंय ते त्याबद्दलच.

१९९७ मध्ये नॅशव्हिलमध्ये बेका स्टीव्हन्स नावाच्या, एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाच्या बाई पाद्रींनी एक घर सुरू केलं, नाव मॅग्डलीन. पहिल्या घरात ५ बायका होत्या. सगळ्या देहविक्रीच्या धंद्यातून, ट्रॅफिकिंगमधून म्हणजे मानवी तस्करीतून, नशेच्या विळख्यातून बाहेर पडलेल्या, तुरुंगाच्या चकरा मारून आलेल्या. ट्रॅफिकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ट्रकमधून सीमा ओलांडून आणलेल्या मुली येतात, पण इथल्या कित्येक बायका इथल्याच असतात, याच राज्यात जन्मलेल्या, लहानपणी घरातच अत्याचार झालेल्या, आणि मग कुणीतरी आधी प्रेमाचं नाटक करून आणि नंतर ड्रग्जच्या जोरावर विकायला काढलेल्या. इथल्या कायद्यातही, म्हणजे अमेरिकेच्या २००० सालच्या केंद्रीय कायद्यात, कुणाला कुठून कुठे नेलं हा मुद्दाच नाही, जबरदस्ती, फसवणूक किंवा धाक असला की झालं, आणि मुलगी १८ च्या आतली असेल तर तेवढंही सिद्ध करायला लागत नाही.

आता त्या घराचं वेगळेपण काय, तर २ वर्षं राहायला मिळतं, भाडं शून्य. डॉक्टर, दातांची कामं, समुपदेशन, कोर्टाच्या जुन्या भानगडी निस्तरणं हे सगळं त्यातच येतं. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे घरात कुणी वॉर्डन राहत नाही. बायका एकमेकींच्या सोबतीने राहतात आणि घराची किल्ली त्यांच्या हातात असते. जिने इतकी वर्षं प्रत्येक दार दुसऱ्याच्या मर्जीने उघडलेलं पाहिलंय तिच्या हातात पहिल्या दिवशी किल्ली ठेवायची, याला हिंमत लागते, तिला लागते आणि देणाऱ्यालाही लागते.

आपल्याकडचं चित्र आठवून बघा. कामाठीपुऱ्यात किंवा बुधवार पेठेत रेड पडते, पेपरात 'इतक्या मुलींची सुटका' अशी बातमी येते, आणि मग १९५६ च्या अनैतिक व्यापारविरोधी कायद्याखाली मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने त्यांना संरक्षणगृहात पाठवतात, जिथून स्वतःच्या मर्जीने बाहेर पडता येत नाही. चांगलं काम करणाऱ्या संस्था आपल्याकडेही आहेत, कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणारी प्रेरणा आहे, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण सुटका आणि सावरणं यात जे वर्षानुवर्षांचं अंतर असतं ते भरून काढायला फार थोडे लोक तयार असतात. रेड एका रात्रीत होते, रात्री दचकून न उठता झोप लागायला कधीकधी २ वर्षंसुद्धा कमी पडतात.

बरं, राहायची सोय झाली, तब्येत सुधारली, नशा सुटली, पुढे काय? नोकरी कोण देणार? पोलीस रेकॉर्ड आहे, अनुभवाच्या रकान्यात लिहायला काही नाही, बँकेत खातं नाही. म्हणून २००१ मध्ये थिसल फार्म्स हा धंदा सुरू झाला. हो, धंदाच म्हणतेय मी, कारण ती दानपेटी नाही, तिथे पगार मिळतो. रस्त्याच्या कडेला उगवणारी थिसलची काटेरी रानफुलं तोडून आणून त्यांचा हातकागद करायचा आणि मेणबत्त्या, तेलं, साबण बनवायचे अशी सुरुवात. पुढे वस्तू होल फूड्स या मोठ्या किराणा कंपनीच्या दुकानांत गेल्या, २०१६ मध्ये बेका स्टीव्हन्सना सीएनएन वाहिनीने 'सीएनएन हीरो' म्हणून निवडलं. रवांडातल्या बायकांच्या सहकारी शेतीतलं जिरेनियम तेल यांनी विकत घेतलं, ग्रीसमधल्या रित्सोना छावणीत निर्वासित बायकांनी समुद्रातून वापरून आलेल्या लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांपासून पायपुसणी विणली तीसुद्धा यांनी विकली. एका शहरातल्या मेणबत्त्यांपासून कामाचा पसारा कुठपर्यंत गेला बघा.

आता चर्चचं. नॅशव्हिलमध्ये राहणाऱ्यांना माहितीये, इथे चौकाचौकात चर्च आहे, सदर्न बॅप्टिस्ट पंथाचं मुख्यालय इथेच, मेथडिस्ट पंथाच्या मोठ्या संस्था इथेच. आणि या सगळ्यांचं एकमेकांशी पटतंच असं अजिबात नाही, बाईने पाद्री व्हावं की नाही यावरच वाद आहेत, एपिस्कोपल लोकांनी ते १९७६ मध्ये मान्य केलं आणि सदर्न बॅप्टिस्ट आजही बाईला पास्टर मानायला तयार नाहीत. अशा गावात एका बाई पाद्रीने वेश्याव्यवसायातून आलेल्या बायकांसाठी घर काढलं, व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या आवारातल्या सेंट ऑगस्टीन चॅपेलच्या छोट्याशा मंडळीच्या, म्हणजे तिथे प्रार्थनेला जमणाऱ्या लोकांच्या आधाराने. आणि हळूहळू वेगवेगळ्या पंथांची चर्चं यात आली, पण व्यासपीठावर एकत्र बसून पत्रक काढायला नाही तर साध्या कामांना. कुणी घराला फर्निचर दिलं, कुणाच्या मंडळीतला दातांचा डॉक्टर फुकट तपासतो, कुणी कोर्टाच्या तारखेला गाडीने सोडतं, आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर हॉलमध्ये टेबल मांडून या मेणबत्त्या विकायच्या हे तर कितीतरी चर्चमध्ये चालतं. माझ्या मते चर्चची खरी ताकद इथे दिसते. त्यांच्याकडे हॉल आहे, दर आठवड्याला न बोलावता येणारी माणसं आहेत, आणि दहा वर्षं तेच कंटाळवाणं काम करायची सवय आहे. अशा कामाला नेमकं हेच लागतं, पण मोठ्या देणगीदारांना त्याचं कौतुक नसतं, फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं ना.

दुसऱ्या शहरांतही याच धर्तीवर घरं उभी राहिलीयेत, बऱ्याच ठिकाणी सुरुवात चर्चमधूनच. मेम्फिसला थिसल अँड बी म्हणून आहे, त्या बायका मधमाश्या पाळतात आणि मध विकतात, तो मधही मिळाला तर घ्या.

ग्रुपवर एकीने विचारलं होतं की धर्मांतराचं काही आहे का, तर सरळ उत्तर देते. संस्थापक पाद्री आहेत, घराचे नियम म्हणजे २४ तत्त्वं, ती संत बेनेडिक्टच्या जुन्या मठाच्या नियमांवरून घेतलीयेत, हे कुणी लपवत नाही. पण मला तिथे कुणी पत्रक दिलं नाही, कुणी येशूबद्दल भाषण दिलं नाही. आणि हा प्रश्न विचारणं चुकीचं आहे असंही मी म्हणणार नाही, निवाऱ्याच्या बदल्यात श्रद्धा मागणं वाईटच, मग ते कुठल्याही धर्माने करो.

शिवाय हे सगळं आपल्याला परकं आहे असं समजायचं कारण नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, दुष्काळानंतर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि तिथे कृपा सदन हा वेगळा विभाग होता, ज्या बायकांना समाजाने पतित म्हणून टाकलं होतं त्यांच्यासाठी. छापखाना, तेलघाणा, विणकाम, सगळं बायकाच चालवायच्या. धर्मांतरावरून रमाबाईंना पुण्याने काय काय ऐकवलं ते आपल्याला शाळेपासून माहितीये, पण त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकांबद्दल आपण फारसं बोलत नाही. मला थिसल फार्म्सच्या दुकानात उभं राहून सारखं केडगावच आठवत होतं.

दुकान शार्लट अॅव्हेन्यूवर आहे. आम्ही गेलो तेव्हा कॅफेत बसलो, लोकांनी ठिकठिकाणाहून पाठवलेल्या जुन्या कपबश्यांनी सजवलेली जागा आहे, बघायला फार सुंदर. दुपारच्या चहाबरोबर छोटी सँडविचेस आणि स्कोन असतात, चहा म्हणजे आपला आल्याचा उकळलेला नाही, ती अपेक्षा ठेवून जाऊ नका, पण बसायला शांत आहे, घाई कुणी करत नाही. बुधवारी सकाळी त्यांची सगळे गोल करून बसतात ती सभा असते, बाहेरच्या लोकांनाही येता येतं. सुरुवातीला एक मेणबत्ती लावतात, अजून रस्त्यावर असलेल्या आणि घरी यायची वाट शोधत असलेल्या बाईसाठी. मी देवळात वाढलेली बाई, मला ज्योतीचं काही नवीन नाही, तरी तिथे घसा दाटून आला.

एक विनंती, आणि ही मनापासून. तिथे जाल तेव्हा काउंटरवरच्या किंवा टेबलाशी आलेल्या बाईला 'तुमच्या बाबतीत काय झालं होतं' असं कृपया विचारू नका. आपल्या लोकांना चौकशी करायची सवय असते, आस्थेनेच करतो आपण, पण ती कामावर आलीये, तिची गोष्ट तिच्या मालकीची आहे, तिला वाटलं तर सांगेल. तिच्याशी बोलायचं असेल तर कुठला वास जास्त खपतो ते विचारा, मनापासून सांगतात. आणि मुलांना घेऊन जात असाल तर गाडीतच त्यांच्या वयाला झेपेल तेवढं सांगून ठेवा, दुकानात मोठ्याने प्रश्न नकोत.

आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. बेका स्टीव्हन्सचे वडीलही पाद्री होते, त्या लहान असताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने वडिलांना उडवलं, आणि त्यानंतर चर्चमधल्याच एका प्रतिष्ठित माणसाने लहानग्या बेकावर अत्याचार केले. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितलंय. म्हणजे ज्या संस्थेत जखम झाली त्याच संस्थेला हाताशी धरून त्यांनी हे घर उभं केलं. चर्चने बायकांचं कायम भलंच केलं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही, आणि हे काम चर्चच्या माणसांनीच पुढे नेलं हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकत्र मनात ठेवता आलं पाहिजे.

आता ज्यांना ऑर्डर करायचंय त्यांच्यासाठी. पहिल्यांदा घेत असाल तर निलगिरी-पुदिन्याची मेणबत्ती आणि एक बॉडी बटर, एवढं पुरे. वाणासाठी किंवा मुलांच्या टीचरला द्यायला लिप बाम बरे पडतात. भारतात न्यायचं असेल तर मेणबत्ती चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून न्या, मे महिन्यात मात्र नेऊ नका, नागपूरला पोचेपर्यंत मेण उरणार नाही. दिवाळीच्या आधी घ्यायचं असेल तर सप्टेंबरातच मागवा.

जानेवारी हा अमेरिकेत २०१० पासून मानवी तस्करीविरोधी महिना म्हणून पाळतात, आणि आपली संक्रांत नेमकी त्यातच येते. तेव्हा पुढच्या वर्षी आपल्या मंडळाने सगळ्यांचं वाण एकत्र मागवावं असं मी कमिटीला सुचवलंय, आणि दिवाळी बाजारात समोशांच्या शेजारी यांच्यासाठी एक टेबल मोकळं ठेवावं असंही. आणि हो, हळदीकुंकवाला यंदा मी विधवा, घटस्फोटित, अविवाहित सगळ्यांना बोलावलं होतं, पुढेही बोलावणार. दिवाळी बाजारातल्या त्या टेबलाशी उभं राहायला दोघीजणी लागतील, ज्यांना जमेल त्यांनी ग्रुपवर नाव टाका.