आयव्हीएफनंतरची घरगुती प्रेग्नन्सी किट: पन्नास-साठ रुपयांची घाई

नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी ही किट नेहमीच्या वापराला ठीक आहे. भ्रूण-प्रत्यारोपणानंतरच्या त्या दोन आठवड्यांसाठी मात्र ती मुळात बनलेलीच नाही.

वापर सोपा. सकाळची पहिली लघवी, खाचेत तीन थेंब, पाच मिनिटं. दहा मिनिटांनंतर दिसणारी फिकट, राखाडी रेघ बहुतेकदा ओल वाळल्याची असते, तिच्यावर जीव टांगू नका. खरी टी (टेस्टची) रेघ फिकट असली तरी रंगीतच असते.

खरी अडचण इंजेक्शनची. किट शोधते ते गर्भधारणेचं हार्मोन म्हणजे एचसीजी; त्याचंच ५,००० किंवा १०,००० युनिटचं ट्रिगर (अंडी पक्व होण्यासाठीचं इंजेक्शन) घेतलं असेल तर ते शरीरात १० ते १४ दिवस राहू शकतं आणि किट त्यालाच गर्भ समजते. उलट फार लवकर तपासलं तर किटला पुरेल एवढं एचसीजी तयारच झालेलं नसतं, आणि नकार पाहून गर्भ टिकायला दिलेलं प्रोजेस्टेरॉन हे औषध बंद केलं जातं. हे तर अजिबात करू नये.

आणखी एक, पाकिटावर ३० अंशांची मर्यादा छापलेली असते. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या किटचा काय भरवसा!

त्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला रक्तातली बीटा-एचसीजी, म्हणजे याच हार्मोनचं प्रमाण मोजणारी तपासणी, करा. ४८ तासांनी पुन्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. सुरुवातीला आकडा साधारण दुपटीकडे जायला हवा. किटला हो-नाहीपलीकडे काही सांगता येत नाही.

पाचपैकी दोन तारे.