हुमणीसाठी सूत्रकृमी, बुरशी की औषध? नागपूरच्या काळ्या मातीत निवड करताना

काटोलकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा परवा फोन आला. "भाऊ, जंबेरीचे रोपं वाळून राह्यले. उपटून पाह्यलं तं खाली मुळ्याच नाहीत. हुमणी आहे. ते सूत्रकृमीवालं घेऊ, का बुरशीवालं घेऊ, का सरळ औषध ओतू?" (जंबेरी म्हणजे ज्या खुंटावर संत्र्याचं कलम बांधतात ते झाड, आणि हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची जमिनीत राहून मुळं खाणारी पांढरी अळी.) फोनवर मी अर्धवटच उत्तर दिलं. कळमेश्वरजवळ माझी संत्र्याची रोपवाटिका आहे आणि थोडी शेती. या तिन्ही वाटांनी मी जाऊन आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. 'सूत्रकृमी', म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी, म्हटलं की संत्रावाला घाबरतो आणि त्याचं चूक नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांना चिकटून रस शोषणारे सूत्रकृमी आपल्या बागांचे जुने शत्रू आहेत. इथे बोलतोय ते वेगळे. ते झाडाला तोंडही लावत नाहीत, किडीच्याच शरीरात वाढतात. त्यांच्या दोन प्रजाती (म्हणजे जातींचे गट) कामाच्या आहेत, स्टायनरनेमा आणि हेटेरोऱ्हॅब्डिटिस. शेतीच्या लिखाणात त्यांना थोडक्यात ईपीएन (एन्टोमोपॅथोजेनिक नेमॅटोड, किडीला रोग लावणारे सूत्रकृमी) म्हणतात.

त्यांचं काम कसं चालतं ते कळलं की निम्मी निवड आपोआप होते. पाकिटात येतात ती त्यांची पिल्लं, लांबी साधारण अर्धा मिलिमीटर. या अवस्थेत ती काही खात नाहीत, अंगातल्या चरबीवर जगतात आणि मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून किडीचा माग काढतात. तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वसनाच्या छिद्रांतून आत शिरतात. हेटेरोऱ्हॅब्डिटिसला तर एक दातासारखा भाग असतो, त्याने मऊ कातडी खरवडूनही ती शिरते. आत गेल्यावर पिल्लू पोटातले जिवाणू सोडतं आणि खरी मारणारी गोष्ट हे जिवाणूच. दोन दिवसांच्या आसपास कीड मरते. मेलेल्या किडीतच सूत्रकृमींच्या दोन-तीन पिढ्या वाढतात आणि दोनेक आठवड्यांनी हजारोंनी, मोठी अळी असेल तर लाखोंनी, नवी पिल्लं मातीत उतरतात. हेटेरोऱ्हॅब्डिटिसने मारलेली अळी विटकरी लाल होते, स्टायनरनेमाने मारलेली फिक्कट तपकिरी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करता एक नाव लक्षात ठेवा, हेटेरोऱ्हॅब्डिटिस इंडिका. ही जात कोइम्बतूरच्या मातीत सापडली आणि १९९२ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं. युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच जातींपेक्षा ती उष्णता चांगली सोसते. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तिची पाण्यात मिसळायची भुकटी विकसित केली आहे. पाकिटावर जातीचं नाव छापलेलं नसेल, तर मी ते परत ठेवतो.

बुरशी म्हणजे मेटारायझियम. १८७९ मध्ये मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने ओडेसाकडे (आजच्या युक्रेनमध्ये) गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर तिचे प्रयोग केले होते, इतकी ही वाट जुनी आहे. तिचे बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतात, रुजतात, कातडी भेदून आत जातात. मेलेली अळी आधी पांढरी आणि मग हिरवट होते. वेळ लागतो, एक ते तीन आठवडे. ज्याला सकाळी टाकून संध्याकाळी मेलेली अळी बघायची आहे त्याचा जीव यात टांगणीला लागतो. पण कुजलेल्या शेणखतात मिसळून पेरणीआधी शेतात पसरली की ती टिकून राहते, दरवर्षी भर घातली की मातीत तिची वस्ती होते, आणि खर्च झेपतो. शेणखत कच्चं असेल तर उलटा खेळ होतो, खतासोबत अळ्या आपण स्वतःच्या हाताने शेतात नेतो. (उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी मुळं खाणारी नसते हेही खरं. ओळख पटत नसेल तर दोन-चार अळ्या डबीत घालून अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेत किंवा कृषी महाविद्यालयात दाखवा. चुकीच्या अळीवर पैसे घालवणारे मी पाहिले आहेत.)

आता औषध. फोरेट टाकायची आपल्याकडे जुनी सवय होती. ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. कुणी जुना साठा देत असेल तर घेऊ नका. क्लोरपायरीफॉस अजूनही ओतलं जातं, पण ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, खोल उतरत नाही आणि मोठी हुमणी तर खालीच बसलेली असते. उसातल्या हुमणीसाठी फिप्रोनील-इमिडाक्लोप्रीडचं मिश्रण वापरतात, त्याचा परिणाम लवकर दिसतो हे मी नाकारत नाही. पण २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षानंतर माझ्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाया-माणसांच्या हातात डबा देताना माझा हात थांबतो. सूत्रकृमींचं पाणी अंगावर सांडलं तरी माणसाला, गुराला, गांडुळाला काही होत नाही. माझ्यासाठी हा फरक किमतीच्या फरकापेक्षा मोठा आहे.

मग सगळ्यांनी सूत्रकृमीच घ्यावेत का? नाही. आणि याचं कारण आपली माती.

पाण्याच्या थरातून सरकणाऱ्या जिवाला रेताड, भुसभुशीत माती मानवते. आपली काळी कन्हार जमीन ओली असली की चिकट आणि घट्ट, छिद्रं बारीक. वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. दोन्ही स्थितीत त्यांचं चालणं अवघड. कोरडवाहू सोयाबीनच्या पाच एकरांवर सूत्रकृमी फवारून पावसाची वाट बघणं म्हणजे पैसा भेगांत टाकणं. तिथे मेटारायझियम आणि शेणखतच बरं. रोपवाटिकेच्या वाफ्यात, जिथे माती आपण स्वतः कालवतो आणि पाणी हातात असतं, तिथे सूत्रकृमींना तोड नाही. संत्र्याच्या आळ्यातही चालतं, पण कंपोस्ट घालून माती मोकळी केली आणि वर गवताचं आच्छादन दिलं तर.

खर्चाचं गणितही इथेच फिरतं. नेहमीची मात्रा चौरस सेंटिमीटरला २५ पिल्लं, म्हणजे चौरस मीटरला अडीच लाख आणि एकराला साधारण १०० कोटी. हा आकडा ऐकून माणूस मागे सरतो. पण सबंध एकर भिजवायला सांगितलंय कुणी? एक मीटर त्रिज्येचं आळं धरलं तर क्षेत्र सव्वातीन चौरस मीटरही भरत नाही, झाडाला आठ लाख पिल्लं पुरतात. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी ११० झाडं बसतात. हिशोब नऊ कोटींच्या आत येतो, म्हणजे अकराव्या हिश्शाहूनही कमी. वाफ्यांचं तर याहून सोपं. सलग पेरलेल्या पिकात ही सोय नाही, म्हणून तिथे बुरशी स्वस्त ठरते.

वेळेच्या बाबतीत तिन्ही उपायांची गत एकच: हुमणी लहान असतानाच. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून, प्रकाशसापळा लावून ते मारले तर पुढचं अर्धं काम वाचतं आणि याला एक पैसा लागत नाही. मृग-आर्द्रात अंडी, पुनर्वसू-पुष्यात बारक्या अळ्या. सूत्रकृमींची वेळ हीच, जमीन ओली आणि अळी कोवळी. पोळा उलटला की अळी अंगठ्याएवढी होते. तेव्हा तिच्या श्वसनछिद्रांवरची चाळणीसारखी जाळी सूत्रकृमींना सहजी आत येऊ देत नाही, शिवाय सतत विष्ठा टाकत राहिल्याने मागून शिरलेलेही बाहेर फेकले जातात. मोठ्या हुमणीवर औषधही धड लागत नाही. ऑक्टोबरमध्ये फोन करणाऱ्याला मी एवढंच सांगतो की नांगर घाला, अळ्या वेचा, बगळ्यांना येऊ द्या आणि पुढच्या वर्षीची तयारी करा.

सूत्रकृमी विकत घेण्यात एक धोका आहे, तो मी भोगला आहे. एका वर्षी मे महिन्यात पाकिटं मागवली. पारा पंचेचाळीसवर आणि दुकानदाराने खोकं दोन दिवस पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं. मी तसंच वाफ्यांत ओतलं आणि हंगाम गेला. आता आधी तपासतो. चिमूटभर भुकटी स्वच्छ पाण्यात टाकायची, अर्धा तास थांबायचं, काचेच्या ग्लासात उजेडाकडे धरून भिंगातून बघायचं. जिवंत असतील तर वळवळतात, मेलेले सरळ काडीसारखे पडून राहतात. उन्हाळ्यात मागवूच नये. जुलैत मागवावं, आलं की सावलीत, माठाशेजारच्या गारव्यात ठेवावं आणि दोन-चार दिवसांत वापरून टाकावं. मेटारायझियमचं पाकीट याहून सोशिक. त्याच्यावर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आणि वापरायची मुदत तेवढी वाचा. मात्र बुरशीनाशकासोबत ते कधी मिसळू नका.

देताना काळजी अशी. सूर्य मावळल्यावर, कारण ऊन लागलं की ही पिल्लं मरतात. आधी हलकं पाणी, मग द्रावण, मग पुन्हा पाणी, म्हणजे ती खाली उतरतात. पंप वापरत असाल तर आतली गाळणी काढा आणि द्रावण ढवळत राहा, ती तळाशी बसतात. ठिबकमधूनही देता येतं, पण मी झारीनेच ओततो. पुढचे पंधरा दिवस ओल तुटू द्यायची नाही. पानावरच्या किडीसाठी, म्हणजे सायला, कोळशी, नागअळी यांच्यासाठी हे घेऊ नका. उघड्या पानावर ते वाळून जातात.

दोन्ही जैविक उपाय एकत्र करायचे असतील तर बुरशी आधी, सूत्रकृमी काही आठवड्यांनी. बुरशीने अशक्त झालेली हुमणी सूत्रकृमींना लवकर बळी पडते हे प्रयोगांत दिसलं आहे. मी स्वतः जूनमध्ये वाफ्याच्या खतात मेटारायझियम कालवतो आणि जुलैच्या शेवटी सूत्रकृमी देतो.

काटोलच्या भाऊंना म्हणून सांगतो: तुमची रोपवाटिका अर्ध्या एकराची, विहिरीला पाणी आहे, महिना जुलै आहे. वाफ्यांपुरते सूत्रकृमी घ्या. शेजारच्या कोरडवाहू सोयाबीनला या वर्षी काही ओतू नका, पुढच्या मेपासून शेणखत कुजवून त्यात मेटारायझियम घाला. आणि सूत्रकृमी दिल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी वाळलेल्या रोपाखाली खुरप्याने वीतभर उकरा. अळी विटकरी लाल झालेली दिसली तर तिला बाहेर फेकू नका, तिथेच माती लोटून द्या. तिच्यातून पुढची फौज निघायची असते.