न उडालेली हार्ड डिस्क आणि साडेबारा हजारांचा भुर्दंड

माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला भाच्याने दोन वर्षांपूर्वी उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून दिले होते. ते मी कधी वापरले नाही आणि ५१२ जीबीच्या एसएसडी डिस्कमधली १०० जीबी जागा मात्र अडून राहिली होती, म्हणून जूनमधल्या एका रविवारी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन उबुंटूचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा वेगळा भाग, मी डिलीट केले. सोमवारी सकाळी लॅपटॉप सुरू केला, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब' हा एक शब्द, त्यापुढे बाणासारखी खूण आणि लुकलुकणारा कर्सर, याखेरीज काहीच येईना. आमच्या सोसायटीचे तीन वर्षांचे हिशेब त्यात होते आणि लेखापरीक्षकांना ते शुक्रवारी द्यायचे होते. घाबरून मी लॅपटॉप घराजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला आणि पार्टिशन डिलीट केल्याचेही प्रामाणिकपणे सांगून टाकले.

दुकानदाराने पडद्याकडे बोट दाखवून सांगितले, "काका, हार्ड डिस्क उडालीय. विंडोज दिसतच नाही, बघा. डेटा मुंबईच्या लॅबमधून काढून आणावा लागेल." गुरुवारी संध्याकाळी लॅपटॉप परत मिळाला तो नवी एसएसडी ४,८०० रुपये, डेटा रिकव्हरी ६,५०० आणि विंडोज १,२०० अशा हिशेबाने. पावती म्हणजे वहीच्या कागदावर पेनाने लिहिलेले तीन आकडे. त्याला सगळे पैसे रोख हवे होते. माझ्याकडे तेवढे नव्हते, म्हणून पाच हजार यूपीआयने दिले. जुनी डिस्क मी मागितली तेव्हा तो जरा घुटमळला, पण तिच्यात आधार, पॅन आणि बँकेची कागदपत्रे असल्यामुळे मी हटून बसलो आणि ती घेऊनच घरी आलो.

पुढच्या महिन्यात भाचा आला. त्याने ती 'उडालेली' डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत बसवून आपल्या लॅपटॉपला लावली, आणि माझे सगळे फोल्डर जिथल्या तिथे उघडले. मग तिला माझ्या लॅपटॉपमध्ये परत बसवून त्याने सुरू होतानाच एफ१२ दाबले. समोर आलेल्या यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडल्याबरोबर पडद्यावर नातीचा फोटो आला, जो मी त्या रविवारपर्यंत रोज पाहत होतो. या सगळ्याला एक मिनिटही लागले नसेल. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, तोच पर्याय पहिल्या क्रमांकावर ठेवला, की काम संपले.

झाले होते ते इतकेच. लॅपटॉप सुरू झाल्यावर उबुंटू की विंडोज हे विचारणारा ग्रब हा प्रोग्रॅम डिस्कवरच्या ईएफआय नावाच्या एका छोट्या, सुरुवातीच्या फायलींसाठी राखलेल्या पार्टिशनमध्ये असतो, पण त्याच्या उरलेल्या फायली उबुंटूच्या पार्टिशनमध्ये असतात आणि त्या मी पुसल्या होत्या. विंडोज सुरू करणारा त्याचा स्वतःचा लोडर त्याच ईएफआय पार्टिशनमध्ये, ग्रबच्या शेजारी, सुखरूप बसलेला होता. मला सर्वांत जास्त चीड आली ती यानंतरच्या गोष्टीची: 'ग्रब' हा शब्द मुळात त्या डिस्कवरूनच वाचून पडद्यावर येत होता. डिस्क खरोखर मेली असती, तर तोही दिसला नसता. दुकानदाराने मृत्यूचा पुरावा म्हणून बोट ठेवले होते ते जिवंतपणाच्या खुणेवर.

'नवी' एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये पाहिली, तेव्हा ती ९,३१२ तास चाललेली निघाली, म्हणजे सलग वर्षभराहून अधिक. विंडोजचे १,२०० रुपयेही उगाच गेले, कारण लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि पुन्हा टाकल्यावर तो आपोआप लागू होतो. त्याने टाकलेले विंडोज चोरीचे होते आणि त्यात अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला होता.

कुणाच्या हातून हवे असलेले पार्टिशनच डिलीट झाले, तरी लगेच विंडोज नव्याने टाकू देऊ नये. डिलीट करताना सहसा विभागणीच्या तक्त्यातली नोंद जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर टेस्टडिस्कसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती पुष्कळदा परत आणता येते. एसएसडीच्या बाबतीत मात्र मोकळी झालेली जागा ती स्वतःच पुसून टाकू शकते, म्हणून लॅपटॉप बंद ठेवलेला बरा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला लेखी नोटीस दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हेही त्यात मुद्दाम लिहिले. त्याने यूपीआयने घेतलेले पाच हजार परत केले. रोख दिलेल्या साडेसात हजारांबद्दल त्याचे म्हणणे, "कसले पैसे, काका?" डिस्क चार दिवस त्याच्याकडे होती, म्हणून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मी बदलून टाकले.