माउंट होय, वॉरनव्हिल: कचऱ्याच्या डोंगरावरची घसरगुंडी

आधीच सांगते, मी चेंबूरची. आमच्याकडे पारा 18 वर आला की बाबा माकडटोपी काढतात. लग्नानंतर अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आले तर पहिले तीन विंटर मी घर, गाडी, ऑफिस, पटेल ब्रदर्स (इथलं भारतीय किराण्याचं दुकान) आणि परत घर एवढंच केलं, नोव्हेंबर ते मार्च बाहेर फक्त ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला जायचं आणि ते पण नवऱ्याला पाठवायचं. पण लेक आता सात वर्षांची झालीये, शाळेत सगळी पोरं स्लेडिंग (घसरगाडीवर बसून बर्फावरून घसरणं) आणि स्कीइंगच्या गोष्टी सांगतात आणि ही घरी येऊन विचारते, आई आपण का नाही जात? म्हणून ह्या वर्षी मनावर घेतलं.

पहिला प्रयत्न फसला. विस्कॉन्सिनच्या बाजूला एक स्की रिसॉर्ट आहे, नाव नाही घेत, तिकडे तिघांची तिकिटं, बूट, हेल्मेट, लेसन असं सगळं धरून तीनशे डॉलरच्या वर बिल झालं, भाड्याच्या सामानाच्या रांगेत तासभर गेला, आणि लेक वीस मिनिटांत "माझे पाय दुखतायत" म्हणून रडायला लागली. उरलेला दिवस आम्ही कॅफेटेरियात फ्रेंच फ्राइज खात बसलो. स्कीइंग वाईट असतं असं नाही, शिकायला दोन-तीन सीझन लागतात आणि ते बूट म्हणजे पायाला लोखंडी पेटी बांधल्यासारखे असतात, हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं इतकंच.

मग ऑफिसातल्या एकीने माउंट होयचं नाव सांगितलं. नावच असं की मराठी माणसाला नाही म्हणायची सोय नाही!

तर हा माउंट होय म्हणजे वॉरनव्हिलच्या ब्लॅकवेल फॉरेस्ट प्रिझर्व्ह ह्या राखीव जंगलातली टेकडी, बटरफील्ड रोडवरून आत शिरायचं, नेपरव्हिलहून फार लांब नाही. उंची साधारण 150 फूट, म्हणजे पंधरा मजली बिल्डिंग म्हणा. तुम्ही हसाल, सह्याद्रीतल्या माणसाने ह्याला माउंट म्हणायचं? पण इलिनॉय इतकं सपाट आहे की इकडे पोळपाटावर लाटणं ठेवलं तरी लोक हाइकला येतील. आकाश साफ असेल तर वरून तीस मैलांवरची शिकागोची स्कायलाइन दिसते, आणि शरद ऋतूत ससाणे बघायला पक्षीवाले दुर्बिणी घेऊन इथेच येतात.

आणि ही टेकडी नैसर्गिक नाहीये. कचऱ्याची आहे! खरंच. इथे आधी खडीची खाण होती, मग 1965 ते 1973 काउंटीने कचऱ्याचे थर आणि चिकणमातीचे थर एकावर एक रचून हा डोंगर उभा केला, कल्पनाच अशी होती की कचरा पण जिरेल आणि सपाट भागाला हिवाळ्यात घसरायला एक टेकडी पण मिळेल. पुढे 1990 मध्ये ही जागा ईपीएच्या (अमेरिकेचं पर्यावरण खातं) सुपरफंड यादीत, म्हणजे धोकादायक प्रदूषित जागांच्या यादीत गेली, मग साफसफाई, पाण्याची तपासणी वगैरे करावं लागलं, म्हणजे सगळं गोडगोड नव्हतं. खाणीच्या खड्ड्याचा बाजूला सिल्व्हर लेक झालाय, गोठला की लोक त्यावर भोकं पाडून मासे पकडत बसतात, तासन्‌तास, न हलता. नवरा कोकणातला, तो त्यांच्याकडे एकदम आदराने बघत होता.

आता बाबांचा विषय. आईबाबा नेहमी मे-जूनमध्ये येतात पण ह्या वेळी डिसेंबरात आले, तर त्यांनाही घेऊन गेलो. गाडीत मी उत्साहात हा कचऱ्याचा इतिहास सांगितला आणि बाबा एकदम गप्प. ज्या माणसाने सगळं आयुष्य देवनारच्या डम्पिंगचा वास घेत काढलं, 2016 च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा दारंखिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबून बसला, त्याला तुम्ही सांगताय की डम्पिंगवर पिकनिकला चाललोय. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अगं, म्हणजे कचऱ्यावर बसायचे आपणच पैसे द्यायचे?"

तर पैसे. आम्ही गेलो तेव्हा एका ट्यूबचे दिवसभराचे 10 डॉलर होते. मोठी फुगवलेली रबरी ट्यूब मिळते, त्यात बसायचं आणि साधारण 800 फुटांच्या उतारावरून सुसाट खाली. घरचं स्लेड किंवा स्वतःची ट्यूब तिथे चालत नाही, त्यांचीच भाड्याने घ्यावी लागते, त्यामुळे दुकानातून नवीन काही घेऊन जाऊ नका. लिफ्ट वगैरे काही नाही. ट्यूब ओढत आपल्या पायांनी वर चढायचं. पहिल्या फेरीला मजा, तिसऱ्या फेरीला धाप, पाचव्या फेरीला जॅकेटच्या आत घाम. पोरांना काही फरक पडत नाही, ती बारा फेऱ्या मारतात.

वेग मात्र माझ्या अंदाजापेक्षा खूप जास्त निघाला! ट्यूब मध्येच गोल फिरते, आपण उलटं तोंड करून खाली जातो, कुठे चाललोय काही दिसत नाही आणि तोंडातून आपोआप "आई गं" निघतं. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. खाली पोचलात की फोटोसाठी बसून राहू नका, लगेच बाजूला व्हा, वरून दुसरा गोळा येत असतो.

कपड्यांचं नीट ऐका कारण आम्ही इथेच चुकलो. जीन्स घालू नका. बर्फ चिकटतो, वितळतो, जीन्स भिजते आणि मग वाऱ्यात ती पत्र्यासारखी कडक होते. आत थर्मल, वर स्नो पँट, आणि हातमोजे वॉटरप्रूफच हवेत, लोकरीचे विणलेले दहा मिनिटांत ओले होतात. मुलांसाठी जास्तीची एक जोडी गाडीत ठेवा. माझे स्नो बूट एका ऑनलाइन सेलमधले, वॉटरप्रूफ लिहिलेलं होतं आणि दुसऱ्याच फेरीत मोजे ओले, ते परत केले. त्या दिवशी 20 फॅरेनहाइट होतं, म्हणजे आपल्या भाषेत उणे सात, पण वर माथ्यावर वारा लागतो तेव्हा आकड्याला काही अर्थ राहत नाही. बाबांच्या माकडटोपीला मी कायम नावं ठेवली, त्या दिवशी तिथे सगळ्यात शहाणा माणूस तोच दिसत होता.

एक गोष्ट नीट समजून घ्या, इथे मशीनने बर्फ बनवत नाहीत. आकाशातून पडेल तेवढाच. पुरेसा साचला तरच ट्यूबिंग सुरू असतं आणि ते पण शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी. आम्ही तीन वीकेंड नुसती वेबसाइट बघत होतो, एकदा तर शुक्रवारी भरपूर पडला आणि शनिवारी दुपारपर्यंत सगळा चिखल. म्हणून पाहुण्यांना आधीपासून तारीख देऊ नका. निघायच्या आधी त्याच दिवशी सकाळी चेक करा.

फुकटात हवं असेल तर नेपरव्हिलच्या डाउनटाउनजवळ रिव्हरवॉकला रोटरी हिल आहे, मोझर टॉवरच्या पायथ्याशी, तिथे आपलं स्लेड घेऊन जाता येतं आणि अगदी लहान पोरांना तो उतार बरा. पण माउंट होयवर एकदा घसरलेली पोरं तिथे "हे काय, संपलं पण?" म्हणतात, अनुभव आहे.

आई घसरली नाही, गुडघ्यांमुळे. ती खाली थर्मास आणि थालीपिठांचा डबा घेऊन उभी होती, आणि गार पडलेलं थालीपीठ पण असल्या थंडीत दम लागल्यावर काय लागतं ते मी लिहून सांगू शकत नाही. जवळच मकी मार्श आहे, तिथे 1977 मध्ये खोदताना लोकरी मॅमथचा (हत्तीसारखा केसाळ, आता नामशेष झालेला प्राणी) सांगाडा सापडला होता, साधारण तेरा हजार वर्षांपूर्वीचा. तो आता ओक ब्रुकच्या फुलर्सबर्ग वुड्समध्ये ठेवलाय, फिरायला गेलात तर तोही बघून घ्या, पोरं खूश होतात.

रेटिंग विचाराल तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो चढणीसाठी, आणि तोही माझ्याच फिटनेसचा म्हणा.

बाबा दोनदा घसरले. पहिल्यांदा नातीने हट्ट केला म्हणून, दुसऱ्यांदा कोणी काही म्हणालं नसताना. तिसऱ्यांदा निघाले होते पण तोवर आईने हातातून ट्यूब काढून घेतली.